नकाशा कचेरीत, डोंगर घरावर



अंथुर्ण्याच्या बैठकीसाठी काढलेल्या या अंकात दरडींवर लेख पाहून कुणी विचारील, की आपल्याकडे कोसळायला डोंगर आहे कुठे? ज्वारीचा भाव, कपाशीची बोंडअळी, विजेचे बिल एवढे प्रश्न पुढ्यात असताना सह्याद्रीच्या कड्यांशी आपला काय संबंध?

प्रश्न रास्त आहे. उत्तर तीन पदरी आहे. एक, आपल्या तालुक्यात येणारे पाणी डोंगरातूनच येते. नीरा डाव्या कालव्याला पाणी मिळते ते भोरच्या डोंगरातल्या भाटघरचे. घोड नदी आंबेगावच्या डोंगरात उगवते, भीमेला मिळते आणि उजनीच्या फुगवट्यात येते. तिकडचा डोंगर खचला की त्याची माती आपल्या धरणांच्या तळाशी येऊन बसते. दोन, त्या डोंगरावर राहतो तोही शेतकरीच. त्याची भातखाचरे आणि आपली जिरायत, दोन्ही आभाळाच्या भरवशावर. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. ज्या पद्धतीने कचेरीत बसून त्याच्या डोंगराचा नकाशा काढला जातो, त्याच पद्धतीने आपल्या दुष्काळाचाही काढला जातो. त्याच्यावर झालेला अन्याय समजला की आपल्यावर झालेला आपोआप समजेल.

आधी घटना पाहू.

30 जुलै 2014 च्या सकाळी आपल्याच पुणे जिल्ह्यातले माळीण हे गाव डोंगराखाली गाडले गेले. 151 माणसे गेली. जिल्ह्याच्या मुख्यालयाला ही बातमी कोणत्या यंत्रणेने दिली नाही. एसटीचा चालक नेहमीच्या फेरीला गेला, त्याला गावाच्या जागी चिखल दिसला, तेव्हा जगाला कळले. त्याआधी 2005 च्या जुलैत महाड तालुक्यातल्या जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते या गावांवर दरडी आल्या होत्या. 22 जुलै 2021 ला त्याच तालुक्यात तळीये गेले, ऐंशीहून अधिक माणसे घेऊन. त्याच पावसात साताऱ्याच्या पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगाव येथे घरे गाडली गेली. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी गेली. 27 मृतदेह हाती लागले, 57 माणसे सापडलीच नाहीत आणि चार दिवसांनी शोध थांबवण्यात आला.

प्रत्येक वेळी तेच झाले. हेलिकॉप्टर, मंत्री, लाखांची मदत, समिती. इर्शाळवाडीनंतर विधानसभेत सरकारने सांगितले, की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. जणू यादीत नसलेल्या गावावर कोसळून डोंगरानेच नियम मोडला. आम्ही विचारतो, यादी चुकली तर उत्तर कुणी द्यायचे? डोंगराने की यादी करणाऱ्याने?

ही यादी येते कुठून, हे समजून घेतले पाहिजे. न समजता ओरडलो तर साहेब लोक हसून सोडून देतात. शास्त्र अवघड नाही.

भूमि अभिलेख कार्यालयात गावनकाशावर पारदर्शक ट्रेसिंग कागद ठेवून दुसरा नकाशा उतरवून घेतात, ते तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. तसेच सात-आठ कागद एकावर एक ठेवल्याची कल्पना करा. एका कागदावर जमिनीचा उतार. दुसऱ्यावर उताराची दिशा. तिसऱ्यावर खडक. चौथ्यावर मातीची जाडी. मग ओढ्यापासूनचे अंतर, रस्त्यासाठी कापलेला डोंगर, आणि जंगल आहे की शेत की उघडा माळ. हे सगळे कागद संगणकात एकमेकांवर ठेवायचे आणि जमिनीच्या प्रत्येक चौकटीत सगळे थर एकदम वाचायचे. यालाच भौगोलिक माहिती प्रणाली, इंग्रजी लघुनावाने जीआयएस, म्हणतात.

पुढची पायरी गुण देण्याची. समजा एका तालुक्यात पूर्वीच्या 100 दरडींची नोंद आहे. तालुक्यातली फक्त 10 टक्के जमीन खड्या उताराची आहे, पण 100 पैकी 40 दरडी त्या 10 टक्क्यांत पडल्या. म्हणजे वाट्यापेक्षा चौपट. त्या उताराला चार गुण. असेच खडकाला, मातीला, ओढ्याला. गुणांची बेरीज करून प्रत्येक चौकट जास्त, मध्यम किंवा कमी धोक्याच्या रंगात रंगवायची. झाला दरडप्रवणतेचा नकाशा.

दरड का पडते, हेही आपल्याला शेतावरून कळण्यासारखे आहे. चार दिवस संततधार लागली की ताल फुटतो. पहिल्या सरीला फुटत नाही, चौथ्या दिवशी फुटतो, कारण माती पाण्याने भरलेली असते आणि पाणी मातीच्या कणांना एकमेकांपासून सुटे करते. सह्याद्रीत काळ्या पाषाणावर मुरूम आणि तांबड्या मातीचा थर बसलेला आहे. पाणी मातीत मुरते, पाषाणावर अडते, वाट मिळाली नाही तर तिथेच दाबून राहते. मग अख्खा थर पाषाणावरून घसरतो. 22 जुलै 2021 ला सकाळपासून 24 तासांत महाबळेश्वरला 594 मिलीमीटर पाऊस झाला. आपल्या इंदापूर-बारामतीत वर्षाला जेमतेम पाचशेच्या आसपास पडतो. आपला वर्षाचा पाऊस तिथे एका दिवसात पडला.

तेव्हा शास्त्राशी आमचे भांडण नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही 1851 पासूनची संस्था आहे आणि तिने 2014 पासून देशभर हे नकाशे करण्याचे मोठे काम हाती घेतले. देशाच्या जमिनीपैकी 4 लाख चौरस किलोमीटरहून अधिक, म्हणजे साधारण आठवा हिस्सा, दरडप्रवण धरला आहे. काम आवश्यक होते. भांडण आहे ते त्या नकाशातल्या तीन भोकांशी, आणि ती भोके बुजवायला कुणी तयार नाही त्याच्याशी.

पहिले भोक प्रमाणाचे. देशव्यापी नकाशा 1:50,000 प्रमाणाचा आहे. म्हणजे कागदावरचा 1 सेंटीमीटर जमिनीवर 500 मीटर. शंभर मीटरात बसलेली वाडी त्या नकाशावर 2 मिलीमीटरची. पेन्सिलीच्या टोकाखाली झाकली जाते. उताराची जी माहिती सहज आणि फुकट मिळते तिची चौकट 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद. म्हणजे सुमारे नऊ गुंठे. नऊ गुंठ्यांना एकच उंची. घरामागे तोडलेला दहा फुटांचा उभा कापा त्यात दिसत नाही, आणि पुष्कळदा त्या काप्यापासूनच घसरण सुरू होते. अशा नकाशाने तालुका कळतो, घर कळत नाही. अधिक बारीक नकाशे होतात, पण निवडक ठिकाणी. आणि निवड बहुधा माणसे मेल्यावर होते.

दुसरे भोक नोंदींचे, आणि ते जास्त खोल आहे. गुण देण्याचा हिशेब पूर्वीच्या दरडींवर चालतो. पूर्वीच्या दरडी कुणी लिहून ठेवल्या? हमरस्ता बंद पडला तर बांधकाम खात्याने, रेल्वे अडली तर रेल्वेने, माणसे मेली तर महसूल खात्याने. रानात मध्यरात्री एक पट्टा घसरला, दोन खाचरे आणि आंब्याचे झाड घेऊन गेला, त्याची नोंद कोणत्या दप्तरात आहे? कुठेच नाही. म्हणजे संगणकाला शिकवले जाते ते अर्धेच. उपग्रहाला उघडा ओरखडा दिसतो, पण दोन पावसाळ्यांत त्यावर गवत आले की त्याची नजरही फसते. मात्र वाडीतल्या म्हातारीला विचारा. कोणत्या साली कुठली दरड आली, कोणत्या झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, कोणत्या माळावर भेग पडली आणि दरवर्षी किती रुंदावली, कोणती झाडे उताराकडे झुकली, कोणत्या घराचे दार अचानक चौकटीत अडकू लागले, हे सगळे तिला तोंडपाठ असते. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात धोक्याची लक्षणे म्हणून हीच दिली आहेत. फरक एवढाच, की पुस्तक कचेरीत आहे आणि म्हातारी वाडीत.

तिसरे भोक पावसाचे. हा नकाशा कुठे धोका आहे ते सांगतो, केव्हा ते सांगत नाही. केव्हा हे सांगायला पाऊस मोजावा लागतो, तोही वाडीच्या माथ्यावर. आपल्याकडे पर्जन्यमापक महसूल मंडळाला एक. घाटात डोंगराच्या एका अंगाला आणि दुसऱ्या अंगाला पडणाऱ्या पावसात जमीन-अस्मानाचे अंतर असते. खाली मंडळाच्या गावात मोजलेला पाऊस वरच्या वाडीला काय सांगणार? 19 जुलै 2024 ला कोलकात्यात राष्ट्रीय दरड पूर्वानुमान केंद्र उघडले. नियमित अंदाजाची सुरुवात झाली ती दार्जिलिंग, कालिम्पाँग आणि निलगिरी या जिल्ह्यांपासून. चांगली गोष्ट आहे. पण माळीणला तोवर दहा वर्षे होत आली होती.

आता आपल्या शिवारात या. 31 ऑक्टोबर 2023 ला राज्य सरकारने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात आपले इंदापूर, बारामती, दौंड, पुरंदर आणि शिरूर होते. निकष 2016 च्या केंद्रीय दुष्काळ संहितेचे, म्हणजे पावसाची तूट, उपग्रहाने पाहिलेली हिरवळ, जमिनीतला ओलावा. पद्धत तीच, थरावर थर ठेवून रंग देण्याची. आपले तालुके त्या रंगात आले म्हणून आपण गप्प बसलो. ज्यांचे आले नाहीत त्यांची ज्वारी आणि कपाशी हिरवी होती असे नव्हे. ओरड झाली, मग महिना उलटायच्या आत एक हजाराहून जास्त महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर करावी लागली. आपल्या तालुक्यात कालव्याखालचा ऊस हिरवागार दिसतो आणि त्याला लागून कोरडवाहूची ज्वारी करपलेली असते. तालुक्याची सरासरी काढली की एकाचा हिरवा रंग दुसऱ्याच्या करपलेल्या ताटावर चढतो. इर्शाळवाडी यादीत नव्हती आणि पलीकडच्या तालुक्याची कपाशी यादीत नव्हती, ही एकाच झाडाची दोन फळे आहेत. नकाशा वरून खाली येतो, खालून वर कधी जात नाही.

आणि चूक झाली की खापर कुणाच्या माथी? माळीणनंतर बोट दाखवले गेले पडकईकडे. पडकई म्हणजे आंबेगाव-जुन्नरच्या आदिवासी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या शेतावर राबून, दगडावर दगड रचून खाचरे घडवायची रीत. तिला पुढे सरकारी योजनेचे रूप आले आणि उतारावर यंत्रे चढली. खड्या उतारावर यंत्राने माती हलवली, पाण्याची वाट बुजली, तर धोका वाढतो हे कृषी पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळते. मग आमचा प्रश्न असा, की ज्या टेबलावर अशा कामांना मंजुरी मिळते त्या टेबलावर उताराचा नकाशा असतो का? नसेल तर गुन्हा खाचर करणाऱ्याचा कसा? योजना द्यायची सरकारने, पैसा मोजायचा ठेकेदाराने, आणि पंचनाम्यात नाव लिहायचे मेलेल्या शेतकऱ्याचे, हा कुठला न्याय?

इथे आमच्याच काही कार्यकर्त्यांचा आक्षेप आम्ही ऐकला आहे आणि तो टाळणार नाही. ते म्हणतात, नकाशा मागूच नका. नकाशा म्हणजे बंदीची पहिली पायरी. आज रंग लावतील, उद्या गोठा बांधायला परवानगी लागेल. ही भीती हवेतली नाही. पश्चिम घाटासाठी माधव गाडगीळ यांच्या समितीने 2011 मध्ये अहवाल दिला. तो दरडींचा नव्हता, पर्यावरणाचा होता, पण रीत हीच होती. साधारण 9 किलोमीटर लांब आणि तेवढ्याच रुंद चौकटी करून त्यांना गुण दिले होते. एक चौकट म्हणजे वीस हजार एकर. त्या अहवालानेच सांगितले होते की सीमा ठरवताना ग्रामसभांना विचारा. सरकारने काय केले? अहवाल दडवून ठेवला. माहितीच्या अधिकारात भांडून तो 2012 मध्ये बाहेर काढावा लागला. तोवर गावोगाव अफवा पोहोचली होती, अहवाल पोहोचला नव्हता. मग कस्तुरीरंगन गट आला, 2013 मध्ये सुमारे 60 हजार चौरस किलोमीटरची नवी रेघ आली, आणि 2014 ते 2024 या काळात अधिसूचनेचे सहा मसुदे निघाले. सहावा निघाला 31 जुलै 2024 ला. आदल्याच दिवशी केरळात वायनाडचा डोंगर कोसळून अडीचशेहून अधिक माणसे मेली होती. माळीणला त्या दिवशी बरोबर दहा वर्षे झाली होती.

यातून आम्ही जो धडा घेतो तो कार्यकर्त्यांच्या धड्याहून वेगळा आहे. नकाशा नाकारला तरी नकाशा निघतोच. फक्त तो आपल्या पाठीमागे निघतो. दडवलेल्या नकाशाचा फायदा कुणाला? डोंगर उतारावर प्लॉट पाडणाऱ्या दलालाला, खाणवाल्याला, घाटरस्ता वेडावाकडा तोडणाऱ्या ठेकेदाराला. त्यांना कचेरीतला कागद हवा तेव्हा मिळतो. मिळत नाही तो वाडीला. हे नकाशे संकेतस्थळावर खुले आहेत असे साहेब सांगतील. आहेत. इंग्रजीत, संगणकावर, ज्याला शोधता येईल त्याला. सातबारा मराठीत मिळतो, मग डोक्यावरच्या डोंगराचा उतारा मराठीत का मिळू नये?

आणि नकाशा एकदा काढून भागत नाही. नव्या माळीणची घरे 2017 च्या एप्रिलमध्ये लोकांच्या ताब्यात दिली. पहिल्याच पावसाळ्यात तिथे रस्ते खचले, भेगा पडल्या. जागा शोधताना तज्ज्ञ होते, अहवाल होते. पण जमीन कापली, भराव टाकला, की ती जमीन कालची राहत नाही आणि कालचा नकाशा तिला लागू पडत नाही. माळीणनंतर पुणे जिल्ह्यातली 23 गावे धोक्याची म्हणून काढली गेली. ती यादीही दगडावर कोरलेली नाही. दर पावसाळ्याआधी ती तपासली गेली पाहिजे, आणि तपासणाऱ्यांत गाव असले पाहिजे.

म्हणून आमच्या मागण्या अशा:

1. दरडप्रवणतेचा नकाशा मराठीत, गावनकाशावर उतरवून, गट नंबरांसह प्रत्येक डोंगरी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 प्रमाणे जिल्हा आराखड्यात धोक्याची ठिकाणे दाखवणे हे जिल्हा प्राधिकरणाचे काम आहे आणि त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. ही मेहेरबानी नव्हे, कर्तव्य आहे.

2. दरवर्षी मे महिन्यात ग्रामसभेत त्या नकाशाचे वाचन करा. जुन्या दरडी, भेगा, झरे यांची नोंद गावाने सांगायची, भूवैज्ञानिकाने जागेवर येऊन पाहायची आणि नकाशात भरायची. आंबेगाव-जुन्नरच्या अनुसूचित भागात पेसा कायदा 1996 पासून ग्रामसभेला विशेष अधिकार देतो. तो कपाटातून बाहेर काढा.

3. पर्जन्यमापक मंडळाला एक नको, धोक्याच्या प्रत्येक वाडीला एक द्या. वाचायला वाडीतलाच मुलगा किंवा मुलगी, मानधनावर. किती पाऊस झाला की घरे सोडायची आणि कुठे जायचे, हे पावसाळ्याआधी ठरलेले असावे. गुरांसकट. गुरे मागे ठेवून शेतकरी हलत नाही.

4. रस्ता, खाण, सपाटीकरण, प्लॉट यांच्या प्रत्येक मंजुरीला त्या जागेचा नकाशा जोडा आणि मंजुरी देणाऱ्याची सही त्याखाली घ्या. दरड आली तर चौकशी त्या सहीपासून सुरू व्हावी.

5. लाल रंगात आलेल्या शेतकऱ्याला नोटीस देऊ नका, पर्याय द्या. घर आणि गोठा सुरक्षित जागी, शेतापासून पायी जाण्याच्या अंतरावर. शेत त्याचेच राहील. ज्याला हलायचे आहे त्याला माणसे मरायच्या आधी हलवा.

या मागण्या डोंगरातल्या भावांच्या आहेत, पण ठराव जिरायतीतून गेला पाहिजे. त्याला कारण आहे. डोंगरी वाड्यांची मते थोडी, आवाज लहान. बारामती-इंदापूरची संख्या मोठी आहे. आणि ज्या दिवशी डोंगराचा नकाशा ग्रामसभेत वाचायची रीत पडेल, त्या दिवशी दुष्काळाचा, पीकपाहणीचा आणि पैसेवारीचाही हिशेब ग्रामसभेत वाचा म्हणून आपल्याला मागता येईल. पाया एकच आहे. ज्याच्या जमिनीचा नकाशा, त्याच्यापुढे तो उघडा झाला पाहिजे, आणि तो चुकला आहे असे म्हणायचा अधिकार त्याला असला पाहिजे.

जिल्ह्याच्या बैठकीला येताना एवढे करा. आपापल्या ग्रामसभेत वरील पाच मागण्यांचा ठराव मांडा, मंजूर करून घ्या, त्याची सहीशिक्क्याची प्रत बरोबर आणा. डोंगरी तालुक्यांत ज्यांचे पाहुणे-सोयरे आहेत, भोर, मुळशी, मावळ, राजगड, खेड, जुन्नर, आंबेगाव कुठेही, त्यांनी तिकडच्या दोन माणसांना घेऊन यावे. जमतील तेवढ्या ठरावांचा गठ्ठा घेऊन पावसाळ्याआधी आपण जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ आणि एकच विचारू: नकाशा तयार आहे म्हणता ना साहेब, मग तो आमच्या भिंतीवर कधी लावता? तारीख लिहून घेतल्याशिवाय तिथून उठायचे नाही.